नेमाचे बळ

(हुडकेश्वर, नागपूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



हुडकेश्वर हे एके काळी शहराबाहेरचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि येथील तरुण शिक्षणासाठी, नोकरीसाठी रोज अर्धे नागपूर ओलांडतात. प्रवासातून जो वेळ उरतो तो मोबाईल गिळून टाकतो. मग ‘उद्यापासून पहाटे उठेन, रोज वाचेन’ असे संकल्प होतात आणि आठवड्याभरात विरतात. इच्छा खरी असते. तिला नेमाचा आधार नसतो.

एकवीस दिवसांत सवय जडते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांचा ९६ जणांवरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असू शकतो, असे त्यात आढळले. एखादा दिवस चुकला म्हणून सारे फुकट जात नाही, हेही दिसले.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे न मोजता ओळखले होते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिन्यांचा नेम त्या धरीत. कोणी एक पदार्थ वर्ज्य करी, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाची. नेम लहान, मुदत ठरलेली, घरादाराला ठाऊक आणि शेवटी उद्यापन! सवय रुजवण्याची याहून सोपी रीत कोणती?

याच नागपुरात डॉ. हेडगेवारांनी १९२५ च्या विजयादशमीला संघकार्य आरंभिले आणि १९२६ मध्ये मोहितेवाड्याच्या मैदानावर नित्य शाखा भरू लागली. भाषणांनी माणूस क्षणभर पेटतो, घडतो तो नित्याच्या तासाने, हे त्यांनी जाणले होते. ठरलेली वेळ, ठरलेले मैदान आणि सोबतीला मित्र. एखादा आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस व्हायची. एकट्याचा निश्चय जिथे डळमळतो, तिथे सोबत त्याला सावरते.

व्यवसायातही हेच सूत्र आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळींतील अंतर सारखे राहावे, ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर अखेरपर्यंत तसेच टिकावे, इतक्या बारकाईने समर्थ सांगतात. पहिल्या पानावर सुंदर अक्षर कोणीही काढतो. शेवटच्या पानावर ते टिकवतो तोच खरा लेखक. हिशेबनीस असो, वायरमन असो की परिचारिका, कामाच्या अखेरच्या तासाला हात तितकाच नेटका चालला, तर लोक विश्वास टाकतात. बढती त्या विश्वासामागून येते.

मात्र नुसती शिस्त पुरेशी नाही. वेळेचे काटेकोर भान लबाडालाही असते. आपला नेम कोणाच्या उपयोगी पडतो, हे विचारल्याशिवाय सवयीचा संस्कार होत नाही.

म्हणून एकच नेम निवडा. तो रोजच्या एखाद्या कामाला जोडा, एका मित्राला सांगा आणि चार महिने पाळा. एक दिवस चुकला तर खंत करीत बसू नका. दुसरा मात्र चुकू देऊ नका. घर, वस्ती आणि राष्ट्र अशाच लहान नेमांवर उभे राहते.