‘सीपीयू गेला’ म्हणायच्या आधी

मागच्या भागानंतर नांदेडहून एका मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्राचा व्हॉइस मेसेज आला. क्वालकॉम प्रोसेसरचा फोन. पावर आयसी शॉर्ट होती, ती बदलली, शॉर्ट गेला, पण फोन काही चालू होईना. ‘दादा, सीपीयू गेला म्हणून सांगून टाकू का?’

गिऱ्हाईक लोह्याकडचे शेतकरी. फोनमध्ये दोन हंगामांच्या सोयाबीनच्या पट्ट्यांचे फोटो. आडत्याकडं पैसे अडकलेले, आणि कागदी पट्ट्या पावसात भिजून गेलेल्या. आता कुणी म्हणेल, मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावा. चालत नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये डेटा एन्क्रिप्ट असतो आणि त्याची किल्ली त्याच प्रोसेसरशी बांधलेली असते. म्हणजे तोच प्रोसेसर उठला पाहिजे.

पावर आयसी म्हणजे नुसता वीजपुरवठा नाही, हे आधी लक्षात घ्या. बटन दाबलं की ती प्रोसेसर, मेमरी, स्टोरेज यांना वेगवेगळे व्होल्टेज ठरलेल्या क्रमानं देते. क्वालकॉमच्या बोर्डावर १९.२ मेगाहर्ट्झचं घड्याळही तिच्यामार्फतच जातं. सगळं जागेवर आलं की ती रिसेट सोडते, आणि मग कुठं प्रोसेसर आपल्या आतल्या रॉममधली पहिली ओळ वाचतो. यातलं एक जरी अडलं तरी प्रोसेसर मेल्यासारखाच दिसणार.

म्हणून मी त्याला म्हणलं, आधी यूएसबी लावून कम्प्युटर काय म्हणतो ते बघ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्यूडीलोडर ९००८’ दिसलं तर रॉम चाललाय, प्रोसेसर जिवंत आहे, घोळ पुढं स्टोरेज किंवा बूटलोडरकडं. तसं दिसलं तरी फ्लॅश मारायची घाई नको. युजरडेटा पुसला की फोटो गेले, फोन चालू होऊन उपयोग काय?

त्याला काहीच दिसलं नाही. मग डीसी सप्लायवर लावायला सांगितलं. बटन न दाबता करंट जवळपास शून्य, म्हणजे शॉर्ट खरंच नाही. दाबल्यावर थोडा चढला आणि तिथंच अडकला. पुढची पायरी मीटरची. आयसीभोवती ज्या कॉइल असतात, त्यांवर बटन दाबून एकेक व्होल्टेज मोजायचं. बाकी कॉइलवर आलं, एकीवर शून्य. चांगल्या बोर्डाशी डायोड मोडमध्ये ताडून पाहिलं, त्या लाइनीचं रीडिंग सारखंच. म्हणजे लोड ठीक, देणाराच देत नाही.

मग विचारलं, आयसी कुठून आणली? भंगार बोर्डावरून. फोटो पाठवला. नंबर तोच, पण खाली छापलेली बारीक अक्षरं वेगळी.

ही बारीक अक्षरंच नडतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस६५२१७ घ्या, बीगलबोन ब्लॅकवर तिचा सी प्रकार असतो. बी, सी, डी तिन्ही दिसायला एकच. पण मेमरीच्या लाइनीवर सुरुवातीलाच बी १.८ व्होल्ट देते, सी १.५ आणि डी १.३५. सीच्या जागी बी बसवली तर १.५ ची मेमरी १.८ खाणार. हे आकडे चिपमध्ये कारखान्यातच भरलेले असतात. सॉफ्टवेअर ते नंतर बदलू शकतं, पण त्यासाठी आधी बूट तर झालं पाहिजे ना!

हेच आपल्याकडं कुणी सांगत नाही. कोर्समध्ये गरम हवा आणि रिबॉलिंग शिकवतात, डेटाशीट उघडायला नाही. नांदेड काय आणि लातूर काय, ‘सीपीयू गेला’ हा निकाल फार स्वस्तात लागतो.

जुळणारी आयसी लातूरच्या एका दुकानात सापडली, तीही एका फुटलेल्या फोनमधली. ती बसवताना शेजारच्या सीपीयूवर ऊन लागू नये म्हणून त्यानं टेप आणि पत्रा लावला, बरं केलं. त्या कॉइलवर व्होल्टेज आलं, करंट वरखाली नाचायला लागला, लोगो दिसला. बॅटरी जोडायच्या आधीच मी म्हणलं, पहिलं फोटो उतरवून घे, बाकी टेस्टिंग नंतर.

पट्ट्या मिळाल्या, एकोणीस. ९००८ दिसूनही फोन उठत नसेल तर काय, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. ते पुढच्या भागात घेऊ.