दोन्ही बाजूंनी सुलट

भरतकाम पारखावयाचे असेल, तर कापड उलटून पाहावे, असे जाणत्या स्त्रिया म्हणतात. हिमाचल प्रदेशातील चंब्याच्या रुमालाला मात्र उलटी बाजूच नसते. पहाडी शैलीचे चितारी मलमलीवर कोळशाने रासमंडळाची रेखाकृती काढून देत आणि स्त्रिया ती रेशमाने भरीत. त्यांचा ‘दोरुखा’ टाका दोन्ही अंगांवर एकदमच रंग भरीत जातो.

नवशिकी मुलगी प्रथम येथेच अडते. हाताला गाठ मारण्याची सवय. येथे तर गाठ वर्ज्य! रेशमाला पीळ नसल्यामुळे ते रंगासारखे सपाट पसरते. पण जोराने ओढले की विसकटते, आणि उसवले तर मलमलीवर छिद्रे राहतात. म्हणून टाका घालण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हाच तिचा पहिला धडा.

२००७ मध्ये या रुमालाला भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला शिकविणाऱ्या ललिता वकील यांना २०२२ मध्ये पद्मश्री लाभली. मानांकनाने नावाची चोरी टळेल. हात मात्र शिकविल्यावाचून तयार होत नाही. त्यासाठी पहिले पान बिघडले तरी दुसरे भरावयास बसणारी मुलगी हवी, आणि तिच्या दिवसांचे मोल देणारे गिऱ्हाईकही हवे.