वृत्तपत्राचे शिक्षण कोठे घ्यावे?



आपला मुलगा वा मुलगी वृत्तपत्रकार होऊ म्हणते, तेव्हा घरात प्रश्न पडतो: लहान कॉलेज बरे की मोठे विद्यापीठ? मोठ्या नावाला भुलू नका, त्याला भिऊही नका.

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ साली वृत्तविद्येची शाळा उघडली, त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी वृत्तपत्र काढले. लिहिल्यावाचून ही विद्या येत नाही. परंतु केवळ लेखणीही पुरत नाही. पूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथे वृत्तविद्येची शाळा होती. त्यांनी अभ्यास केला तो अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा, इतिहासाचा. तीच विद्वत्ता १९२० साली ‘मूकनायका’च्या कामी आली.

म्हणून प्रवेशापूर्वी विचारा: पहिल्याच वर्षी लिहावयास मिळते काय? लिहिलेले तपासून देणारे अध्यापक आहेत काय? ग्रंथालय समृद्ध आहे काय? पहिल्या दोन गोष्टी बहुधा लहान कॉलेजात सुलभ, तिसरी मोठ्या विद्यापीठात. शिष्यवृत्ती व वसतिगृह यांचीही चौकशी करा. अर्ध्यावर सुटलेले शिक्षण कोणत्याच नावाने भरून निघत नाही.

आपल्या वस्तीची बातमी दुसऱ्याने लिहावी, म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या थांबलो. आता ती आपल्या लेकरांनी लिहावी.