बशीतले वर्तुळ, मिठागरातला चिखल



कार्यवाहांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी त्यांना विचारले, "लोकांना काढ्याची कृती तर नको आहे ना?" ते म्हणाले, "बाई, कृती सगळ्यांना ठाऊक आहे. जंतू मरतात का, तेवढे सांगा." हाच प्रश्न मला माझे विद्यार्थी तीस वर्षे विचारत आले, म्हणून आले.

आमच्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पाची वेळ आली की निम्मा वर्ग एकच विषय घेऊन येई. तुळस, अडुळसा, कडुनिंब, निर्गुडी, यांपैकी एक आणि तिची 'जंतुविरोधी क्षमता'. पाने फुकट मिळतात, हे त्यामागचे खरे कारण. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पान तोडायचे नाही, ही ताकीद पहिल्या दिवशीच द्यावी लागे. मग सोसायटीच्या आवारातला कडुनिंब बोडका होई. पाने सावलीत वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून अर्क आटवायचा. पेट्री डिशमध्ये म्युलर-हिंटन अगार ओतायचे. जंतूंचे पाणी ठरावीक गढूळपणाचे करून, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी जंतू, ते त्यावर कापसाच्या बोळ्याने सारवायचे. अर्कात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती वर ठेवायची आणि बशी रात्रभर उबवायची. सकाळी जंतूंची साय सगळीकडे धरलेली असते. चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ दिसले, तर तिथे जंतू वाढू शकलेले नाहीत.

एका वर्षी एक मुलगी बशी घेऊन धावतच आली. तुळशीच्या चकतीभोवती चौदा मिलिमीटरचे वर्तुळ! मीही खूश झाले. मग विचारले, नुसत्या अल्कोहोलची चकती कुठे आहे? ती ठेवलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ठेवली, तर तिच्याभोवती बारा मिलिमीटरचे वर्तुळ. चकत्या नीट वाळल्या नव्हत्या आणि आम्ही दोघी अल्कोहोलचे यश तुळशीच्या पदरात घालून बसलो होतो. चूक माझी होती, कारण प्रयोगाच्या आराखड्यावर सही माझी होती. पुढे मी नियमच केला: आधी रिकामी चकती दाखवा, मग वनस्पतीचे नाव सांगा.

पण चकत्या वाळल्या तरी वर्तुळ फसवतेच. अगार म्हणजे पाणी धरून ठेवलेली जेली. पाण्यात विरघळणारा पदार्थ तिच्यात लांबवर पसरतो, तेलकट पदार्थ चकतीपाशीच अडून बसतो. त्यामुळे मोठ्या वर्तुळाचा पदार्थ अधिक जहाल, असे म्हणता येत नाही. खरी कसोटी पुढची. औषध निम्म्यानिम्म्याने पातळ करत न्यायचे आणि जंतूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा शोधायची. चांगले प्रतिजैविक मिलिलिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅममध्ये काम करते. आमच्या मुलांच्या अर्कांना कित्येकदा काही हजार मायक्रोग्रॅम लागत. एवढ्या मात्रेत स्वयंपाकघरातले बरेच काही जंतूंना नकोसे होते. ती मात्रा रक्तात आणायची तर माणसाला काढ्याची बादली प्यावी लागेल.

हळदीचेही असेच झाले. कर्क्युमिनने जंतू रोखले जातात, हे १९४९ साली 'नेचर'मध्ये छापून आले होते. त्यानंतर हा रेणू जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'काम करतो' असे दिसत राहिले. २०१७ साली काही औषधरसायनतज्ज्ञांनी तो पसारा तपासला आणि सांगितले, की हा रेणू अस्थिर आहे, आतड्यातून रक्तात फारसा पोचत नाही आणि अनेक चाचण्यांना फसवतो. हळद जेवणात असू द्या; मी निकालाबद्दल बोलते आहे.

मग वनस्पती जंतूंशी लढतच नाहीत की काय? लढतात, पण बहुधा एकट्या रेणूच्या बळावर नाही. दारुहळदीतले पिवळे बर्बेरिन जंतूच्या पेशीत शिरते, आणि जंतू पंप लावून ते बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की बर्बेरिन असलेल्या काही झुडपांतच दुसरा एक रेणू असतो. तो स्वतः जंतूला काही करत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो. एक घरात शिरतो, दुसरा दार लावून घेतो! एकेक रेणू सुटा करून चकतीवर ठेवणाऱ्या माणसाला या जोडीतला दुसरा कुचकामीच वाटणार.

गुळवेलीची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि ती आपल्याच मुंबईतली, परळच्या केईएम रुग्णालयातली. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पोटात ई. कोलाय जंतू सोडून गुळवेल तपासली. गुळवेल दिलेले उंदीर कितीतरी जास्त संख्येने वाचले. तीच गुळवेल बशीत जंतूंवर घातली, तर जंतू मजेत वाढले. तिने जंतू मारले नव्हते; उंदरांच्या पांढऱ्या पेशींना जंतू गिळायला आणि पचवायला सज्ज केले होते. हे काम १९९२ साली छापून आले. बशीपाशीच थांबले असते, तर त्यांनी गुळवेल नापास केली असती. अर्थात यावरून न्यूमोनियावर गुळवेल घेत घरी बसायचे, असा अर्थ इथून कोणी घरी नेऊ नये.

आता तुमच्या मुलुंडकडे येते. वनस्पतींतून औषध शोधायची मुंबईतली मोठी घरे उपनगरांत होती. गोरेगावला १९६३ साली सिबा या औषधकंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. नैसर्गिक रसायनांतले नामवंत टी. आर. गोविंदाचारी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून तिथे संचालक म्हणून आले. तिथल्या नव्या संयुगांच्या क्रमांकात 'गो' ही अक्षरे असत. गोरेगावकरांनी ती आपलीच समजावीत. मुलुंडला १९७२ साली हेक्स्ट या औषधकंपनीचे केंद्र उभे राहिले. आज सभागृहात पांढऱ्या केसांचे जे श्रोते दिसतात, त्यांच्यातल्या काहींनी तिथल्या भोंग्यावर घड्याळ लावलेले असेल.

हेक्स्टमध्ये आयुर्वेदात आणि लोकव्यवहारात असलेल्या वनस्पती ओळीने तपासायला घेतल्या. त्यांत कोलियसची एक जात होती, आपली मैनमूळ. घाटकोपरच्या आणि बोरिवलीच्या गुजराती घरांत तिच्या मुळांचे लोणचे घालतात, त्याला ते 'गरमर' म्हणतात. त्या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरला. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला रेणू सुटा करून १९७७ साली त्याची रचना जाहीर केली. तोच फोर्स्कोलिन. (भटबाई नंतर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या.) १९८१ साली कळले, की हा रेणू पेशीतले अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट चालू करतो. तेव्हापासून पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत त्याची कुपी असतेच. जपानमध्ये त्यापासून केलेले एक औषध हृदय निकामी होऊ लागलेल्या रुग्णांसाठी वापरात आले. लोणच्याच्या बरणीतून हृदयापर्यंत! जंतू मारण्यासाठी मात्र त्याचे नाव कोणी घेत नाही.

आणि जंतू मारणारे? तेही मुलुंडलाच सापडले, पण झाडात नाही. हेक्स्टची माणसे मातीचेही नमुने गोळा करत. मुलुंडच्या मिठागरातल्या मातीतून त्यांना बॅसिलस कुळातला एक जिवाणू मिळाला. तो एक छोटे प्रथिन बनवत होता, वीस अमिनो आम्लांचे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला, ज्याला रुग्णालयांत 'एमआरएसए' म्हणतात, ते रोखत होते. त्यावरून नाव ठेवले मर्सासिडिन. चटर्जी आणि सहकाऱ्यांचे लेख १९९२ साली आले. पुढे जर्मनीत उलगडले, की हा रेणू जंतूची भिंत बांधायला लागणारी वीटच, लिपिड-२, धरून ठेवतो. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविकही तीच वीट धरते, पण दुसऱ्या टोकाने. म्हणून व्हँकोमायसिनला चकवणारा जंतू याला चकवेलच असे नाही.

मला यात नवल वाटत नाही. पेनिसिलिन बुरशीतून आले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूतून. चिमूटभर मातीत जिवाणू एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. शेजाऱ्याला अगदी थोड्या विषात संपवणे ही त्यांची रोजची गरज आहे. मिठागरात तर ऊन आणि खारेपण हीच परीक्षा. झाडाची गरज वेगळी. त्याला किडा, बुरशी, गाय, ऊन, सगळ्यांशीच जमवून घ्यायचे असते, म्हणून त्याचे रेणू अनेक दारे ठोठावतात. त्यांतले एखादे दार आपल्या हृदयाचे निघते. त्यामुळे विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आले: वनस्पती जरूर तपासा, पण तिला फक्त 'जंतू मारतेस का?' एवढेच विचारू नका.

मर्सासिडिन औषधाच्या दुकानात अजून आलेले नाही. रेणू सापडणे आणि औषध होणे यांच्यात प्रचंड खर्च आणि कंपन्यांची मर्जी उभी असते. तो जिवाणू मात्र बॉनच्या प्रयोगशाळेत वाढवला गेला. लेखांत त्याची ओळख येते 'एचआयएल वाय-८५,५४७२८'. एचआयएल म्हणजे हेक्स्ट इंडिया लिमिटेड. पूर्वेला मिठागर रोडवर राहणाऱ्यांना हा शेजारी ठाऊक असावा म्हणून आकडा मुद्दाम पाठ करून आले आहे.

आता प्रश्न विचारा. तुळशीच्या काढ्यात मिरी किती घालायची, तो प्रश्न कार्यवाहांना.