ऐकण्याचा दर्जा आणि जपण्याचा दर्जा

संगीत घरोघरी पोहोचविण्याची साधने आज इतकी सुलभ झाली आहेत की, ते मिळेल कसे हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणत्या दर्जाचे मिळते, हा प्रश्न पुढे आला आहे. एकीकडे इंटरनेटवरून वाहत येणारे स्ट्रीमिंगचे संगीत, दुसरीकडे ‘हाय-रेझोल्यूशन’ या भारदस्त नावाने विकल्या जाणाऱ्या फाइली. या दोहोंत अंतर किती, आणि त्या अंतरासाठी बेताच्या मिळकतीच्या माणसाने पैसे मोजावेत काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. अंकीय मुद्रणात यंत्र या कंपांचे दर सेकंदाला हजारो वेळा माप घेते आणि ती मापे आकड्यांत लिहून ठेवते. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेतात व प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर २०,००० कंपांपर्यंतचा स्वर ऐकू येतो. वय वाढते तशी ही मर्यादा खाली उतरते. स्वराच्या कंपसंख्येच्या दुपटीहून अधिक मापे घेतली, तर तो स्वर पुरता हाती येतो, हे गणिताने सिद्ध झाले आहे. म्हणजे सीडीची मापे कानाच्या गरजेला पुरून उरतात. हाय-रेझोल्यूशन फाइलीत मात्र ९६,००० किंवा १,९२,००० मापे, तीही २४ बिटांत, घेतलेली असतात. तासाभराचे गायन न आवळता ठेवले, तर सीडीच्या दर्जात सुमारे ६३५ मेगाबाइट आणि ९६,००० मापांच्या दर्जात सुमारे २ गिगाबाइट जागा व्यापते.

एवढा भार लहान करण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतील भेद नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्या सुरतेच्या मुलखात तो वस्त्राच्या भाषेत सांगणे सोपे. साडीची घडी घातली, तर ती लहान होते, पण उलगडताच एक धागाही कमी भरत नाही. ‘फ्लॅक’ ही अशी घडी होय. दुसरी रीत साडीचा न दिसणारा भाग कातरून टाकण्याची, ती ‘एमपी-३’ची. मोठ्या आवाजाच्या शेजारी असलेला बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या शारीरिक नियमाचा आधार घेऊन ही रीत तो बारीक आवाज गाळते. सेकंदाला ३२० किलोबिटांची एमपी-३ ही सीडीच्या भाराच्या चौथाईहूनही लहान असते. गाळणी बेताची असेल, तर कान फसतो. पण फारच आवळले, तर झांजेचा नाद पाणचट होतो, तबल्याच्या थापेची धार बोथटते आणि तंबोऱ्याची जवारी पुसट होते.

मग कानाला खरोखर काय कळते? कोणती फाइल वाजत आहे हे न सांगता घेतलेल्या परीक्षा येथे उपयोगी पडतात. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ५५४ चाचण्यांत, उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरविलेले मुद्रण यांतील फरक श्रोत्यांना नाणे उडविण्याहून अधिक अचूकपणे ओळखता आला नाही. पुढे २०१६ साली लंडनचे जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात अचूक उत्तरे सुमारे ५२ टक्के भरली. फरक अगदी शून्य नाही, पण ज्यासाठी कर्ज काढावे असाही नाही. त्यातच सचिनसारख्या गावी, जेथे उद्योगनगरीची घरघर आणि यंत्रमागांची खडखड भिंतींतून आत येते, तेथे २४ बिटांची सूक्ष्मता त्या आवाजातच बुडून जाते. शिवाय बिनतारी ब्लूटूथ ऐकणी बहुधा ध्वनीला पुन्हा आवळतात. तेव्हा महागडी फाइल घेऊन ती त्यांतून ऐकणे म्हणजे गाळलेल्या दुधासाठी फाटके फडके वापरणे होय.

आता स्ट्रीमिंग म्हणजे हलका दर्जा, हे समीकरणही राहिलेले नाही. ॲपल म्युझिकने २०२१ साली घडीच्या रीतीचे, म्हणजे काहीही न गाळलेले संगीत देण्यास आरंभ केला. स्पॉटिफायने २०२५ साली तशी सोय सुरू केली. म्हणून ऐकण्यापुरते सांगावयाचे तर, पैसे असतील ते आधी चांगल्या ऐकण्यांवर किंवा स्पीकरवर खर्चावेत. फाइलीच्या आकड्यांचा विचार मागाहून करावा.

परंतु ऐकणे वेगळे आणि जपणे वेगळे. येथे मात्र काटकसर घातक ठरते. सुरत, उधना, सचिन या पट्ट्यात खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य कुटुंबे आहेत. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा घरातील वृद्ध स्त्रिया अहिराणीत गाणी म्हणतात. ती बहुतेक छापलेली नाहीत. एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात अशीच ती आली. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने लिहून ठेवल्या, म्हणून त्यांचे पुस्तक १९५२ साली निघू शकले. पण कागदावर शब्द उतरतो, गळा उतरत नाही. गळा उतरविण्याचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

होते असे की, आजीचे गाणे मोबाइलवर घेतले जाते, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून धाडले जाते, आणि तीच एक प्रत मागे राहते. असा निरोप बोलणे समजावे एवढ्यापुरता, फार आवळलेला असतो. त्यातून एकदा गाळलेला ध्वनी पुढे कोणतेही यंत्र खरेपणाने परत देऊ शकत नाही. उद्याचा नातू कितीही महाग उपकरण घेवो, त्याला गाळीवच ऐकावे लागेल. म्हणून मुद्रण करताना पंखा बंद करावा, मोबाइल गाणारणीच्या जवळ ठेवावा, शक्य तर न आवळलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपात, ४८,००० मापांवर व २४ बिटांत मुद्रण घ्यावे. हे २४ बिट येथे सार्थ आहेत. आवाज कमी पातळीवर नोंदला गेला, तरी मागाहून तो वाढविता येतो. मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि नाव, गाव, तारीख तिच्याबरोबर लिहावी. आप्तांना धाडावयाची ती लहान प्रत खुशाल धाडावी. मूळ मात्र हलवू नये.

श्रोतेहो, नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका जपावयास कंपन्या आणि संग्रहालये आहेत. आपल्या घरातील आवाजाचे संग्रहालय आपले घर हेच आहे. येत्या श्रावणापर्यंत थांबण्याचे कारण नाही. गाणारी घरात आहे तोवर तिला आजच बसवून गाणे घ्यावे.