पाच रुपयांचा पुडा



जालना म्हटलं की स्टीलचे कारखाने, मोसंबी आणि बियाणं या तीन गोष्टी लोकांना आठवतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको या बियाणं कंपनीची सुरुवात याच गावातून केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात मी डॉक्टर म्हणून मुलं तपासतो. तिथली मुलं हल्ली काय खातात आणि त्याचा त्यांच्या स्मरणशक्तीशी काय संबंध आहे, एवढंच आज सांगायचं आहे.

अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. किराणा दुकानाच्या दारात वरपासून खालपर्यंत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. मधली सुट्टी झाली की पोरं पाच रुपयांचं नाणं घेऊन धावतात. पुड्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर मक्याचं किंवा तांदळाचं पीठ, पामतेल, मीठ, साखर, मसाला अशी यादी दिसते. शंभर ग्रॅम बटाटा वेफर्समध्ये साधारण तेहतीस ते पस्तीस ग्रॅम तेल असतं. म्हणजे मूल जे चावतं त्याचा तिसरा हिस्सा तेलच. पुडा लहान असतो, पण दिवसाला तो एकच असतो असं नाही, आणि जोडीला रंगीत गोड पाण्याची बाटली असतेच.

आई-वडिलांचं उत्तर ठरलेलं असतं : “डॉक्टर, पोरगं काडीसारखं आहे, खाऊ द्या की!” इथं मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा आधार वाटतो. केईएम रुग्णालयातून त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात त्या मानानं चरबी जास्त आणि स्नायू कमी निघाले. तेव्हा काटा कमी दाखवतो म्हणून आपलं मूल सुरक्षित आहे, असं समजू नका. आणि मेंदूचं काय होतं ते तर काट्यावर दिसतच नाही.

मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. काल काय झालं, वस्तू कुठं ठेवली, धडा कोणत्या पानावर होता, हे सगळं आधी तिथं नोंदलं जातं. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॉट कानोस्की आणि ॲना हेज यांच्या गटानं २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांना वयाच्या २६ व्या दिवसापासून ५६ व्या दिवसापर्यंत, म्हणजे त्यांच्या किशोरवयात, तेलकट-गोड खाणं हवं तितकं दिलं. नंतर कोणती वस्तू आधी कुठल्या जागी पाहिली होती हे ओळखायची परीक्षा घेतली. साधं अन्न खाल्लेल्या उंदरांना ते जमलं, तेलकट-गोड खाल्लेल्यांना जमेना. पुढं मोठेपणी त्यांना चांगलं अन्न दिलं, तरीही ही उणीव भरून आली नाही. हिप्पोकॅम्पसमधलं ॲसिटिलकोलीन हे आठवण नोंदायला लागणारं रसायन त्यांच्यात नीट सुटत नव्हतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला मान्य आहे, आणि मुलांवर असा प्रयोग करायचा विचारही कुणी करू नये. पण ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीव्हन्सन यांनी सडपातळ, निरोगी तरुण-तरुणींना एकच आठवडा वॉफल आणि फास्ट फूड यांवर ठेवलं. तेवढ्यात हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी घसरली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोट भरलेलं असतानाही चमचमीत खायची इच्छा वाढली. ‘आत्ताच जेवलोय, आता पुरे’ हे सांगायलाही हाच भाग मदत करतो. तो मंदावला की हात पुन्हा पुड्याकडे जातो. पोराला हावरट म्हणून रागावण्यात काही अर्थ नाही, असं मला यावरून ठामपणे वाटतं.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं जातं. तूर फुलोऱ्यात असताना पाण्याचा ताण पडला की पुढं कितीही पाऊस झाला तरी गेलेल्या शेंगा परत लागत नाहीत. बारा ते अठरा हे मेंदूच्या फुलोऱ्याचं वय आहे.

दुर्दैवानं नेमक्या याच वयात आपण मुलांना घराबाहेर काढतो. भोकरदन, जाफराबादची मुलं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहतात. खानावळीचं जेवण नको झालं की रात्री समोसा, वडापाव, नूडल्स. परीक्षेच्या तोंडावर पालक माझ्याकडे स्मरणशक्तीचं टॉनिक मागायला येतात, त्यासाठी वाटेल तेवढे पैसे मोजायची त्यांची तयारी असते. मी आधी रात्रीच्या जेवणाची चौकशी करतो.

माझं भांडण तेलाशी नाही. मेंदूचा मोठा भाग स्निग्ध पदार्थांचाच बनलेला आहे. मराठवाड्याच्या जुन्या ताटातही तेल होतंच, पण ते घाण्याचं करडईचं. रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असत, काटेरी म्हणून कुंपणाचंही काम व्हायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे चांगले वाण दिले, तरी शेतं सोयाबीन आणि कपाशीकडे गेली. भाकरीवर जवसाची चटणी असायची. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ गटातलं आम्ल असतं, पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद. भाकरी, तुरीचं वरण, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि ही चटणी : एवढं ताट ज्या पोराला मिळतं त्याच्या अभ्यासाची मला काळजी वाटत नाही.

महाराष्ट्र सरकारनं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. २०२० साली भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी घालणारे नियम केले. खेड्यात या ५० मीटरचं मोजमाप कुणी घेत नाही.

म्हणून परदेशात राहणाऱ्या तुम्हा सर्वांकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी बरेच जण गावच्या शाळेला संगणक देतात, वर्गखोली बांधून देतात. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना बरोबर घेऊन फाटकापासून ५० मीटर चालून या आणि काय विकलं जातं ते बघा. परदेशातून गेलेल्या माणसाचं गावात ऐकलं जातं, तो मान या कामासाठी वापरा. देणगी द्यायचीच असेल तर पोषण आहाराच्या जोडीला शेंगदाणा-गुळाच्या लाडवांची सोय करा, खर्च संगणकापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि भाच्या-पुतण्यांसाठी विमानतळावरून चॉकलेटचे डबे नेऊ नका. पुस्तकं न्या, चेंडू-बॅट न्या.