खाटांची बेरीज आणि बाळंतिणीचा प्रवास
(धामणगाव रेल्वे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



अमरावतीची इर्विन आणि डफरीन ही दोन सरकारी रुग्णालये एका छत्राखाली असावीत काय, या वादाशी धामणगावकरांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जिचे निभत नाही ती बाळंतीण डफरीनला जाते, अपघातात सापडलेला इर्विनला. (सेवाग्रामची वाट धरणारेही पुष्कळ, तो विषय निराळा.)

२०२४ साली राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत अमरावतीचे एक. शंभर विद्यार्थ्यांना शिकवायचे तर रुग्ण आणि खाटा हव्यात, आणि नवे रुग्णालय उभे राहीपर्यंत त्या जुन्यांतूनच मिळतात. वाद येथून उपजला.

एकत्रीकरणवाद्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, क्ष-किरण यंत्र यांवर दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदा करणे स्वस्त, हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकवीत असू. इंग्लंडने १९६२ च्या रुग्णालय योजनेत याच हिशेबाने ६०० ते ८०० खाटांची जिल्हा रुग्णालये आखली आणि अनेक लहान रुग्णालये बंद करण्याचे ठरविले. परंतु या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. रुग्णालयाने वाचविलेला रुपया पुष्कळदा रुग्णाच्या पदरातून जातो. २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतिणीच्या जाण्यायेण्याचे वाहन मोफत केले, हे चांगलेच झाले. पण ऐन कापूसवेचणीत तिच्यासोबत चार दिवस बसलेल्या सासूची मजुरी कोणत्या खात्यात मांडायची?

दुसरी गोष्ट कारभाराची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जिल्ह्याचे मोठे रुग्णालय दुसऱ्या विभागाकडे गेले की धामणगावचा डॉक्टर ज्याला रुग्ण पाठवितो आणि ज्याला जाब देतो, ते दोघे वेगळ्या घरचे होतात. चिठ्ठी घेऊन गेलेल्या गरिबाला मग दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर उभे राहावे लागते. अकोल्यात २००२ साली महाविद्यालय झाले तेव्हा जिल्हा रुग्णालय त्यात गेले, मात्र लेडी हार्डिंग हे स्त्री रुग्णालय आरोग्य विभागाकडेच राहिले. अमरावतीच्या बाबतीत निदान हा दाखला तरी चर्चेत यावयास हवा होता. लेडी डफरीन यांचा निधी १८८५ साली स्थापन झाला तो स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळावेत म्हणून. राज्य परक्यांचे होते, गरज खरी होती, आणि ती अजून सरलेली नाही.

महाविद्यालयाला आपला विरोध नाही. वऱ्हाडाला डॉक्टर हवेतच. आपण मागावयाचे ते एवढेच: प्रसूतीच्या खाटांचा हिशेब स्वतंत्र राहावा, ग्रामीण रुग्णालयाच्या चिठ्ठीवर आलेला रुग्ण परत पाठविला जाऊ नये, आणि तेथील भूलतज्ज्ञाची जागा अमरावतीच्या भरतीसाठी रिकामी ठेवली जाऊ नये. या तीन मागण्यांवर गावोगाव सह्या घ्या, आणि निवेदन दोन्ही विभागांना द्या, एकालाच नव्हे.